कूलरच्या बोर्डाचा टॉप का तापतो?

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : सेलूच्या घरी बैठकीच्या खोलीत भिंतीवर एकच छोटे सॉकेट आहे, त्यावर एक्स्टेंशन बोर्ड लावून कूलर, टीव्ही आणि दोन मोबाइलचे चार्जर चालवले जातात, दुपारी त्या बोर्डाचा टॉप, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालायचा प्लग, हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि जूनपासून क्लाससाठी लातूरला खोली करून राहणाऱ्या मुलासोबत असाच बोर्ड द्यावा की नाही, हे आपल्याला ठरवायचे आहे. परभणीत गेली 22 वर्षे घरगुती वायरिंगची कामे करत असल्यामुळे हे दृश्य मी दर उन्हाळ्यात पाहतो. घरोघरी त्याला एकच उत्तर मिळते, ते म्हणजे ‘लोड जास्त झाला’. आपल्याकडे तसे झालेले दिसत नाही.

हिशेब करून पाहू. मध्यम कूलर सुमारे 200 वॅट, टीव्ही 100 वॅट आणि दोन चार्जर मिळून 50 ते 60 वॅट, म्हणजे सगळे मिळून 360 वॅटच्या आसपास. याला 230 व्होल्टने भागले की प्रवाह जेमतेम दीड अँपिअर येतो. छोट्या पिनांचा बोर्ड 6 अँपिअरचा, म्हणजे 1380 वॅटपर्यंतचा असतो. याचा अर्थ आपला बोर्ड त्याच्या क्षमतेच्या पावपटच ओझे वाहत आहे, आणि तरीही टॉप तापतो आहे. तेव्हा दोष जोडात आहे. एक तर भिंतीतल्या सॉकेटच्या पितळी पट्ट्या सैल पडल्या असतील, नाही तर टॉपच्या आतला स्क्रू ढिला होऊन वायरचे मोजकेच धागे पिनेला टेकत असतील.

जोड सैल पडला की तेथे विजेला अडथळा होतो, आणि त्या अडथळ्यावर तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काळ्या पडलेल्या जोडात 3 ओहमचा अडथळा धरला, तर दीड अँपिअरला तेथे सुमारे 7 वॅट उष्णता निघते. टॉप चटका देण्याइतका तापायला तेवढी पुरे होते. आता त्याच बोर्डावर कोणी 1000 वॅटची इस्त्री लावली, तर प्रवाह 6 अँपिअरच्या जवळ जाईल, म्हणजे चौपट होईल. उष्णता मात्र सोळापट, म्हणजे शंभर वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बाइतकी होईल, आणि तीही मुठीत मावणाऱ्या एका टॉपात. एवढे होऊनही कागदावर आपण 6 अँपिअरच्या आतच असू.

एमसीबी, म्हणजे प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा मेन बोर्डावरचा स्विच, अशा वेळी पडत नाही, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. एमसीबी भिंतीतल्या वायरिंगच्या राखणीसाठी असते. 16 अँपिअरच्या एमसीबीला 12 अँपिअरचा प्रवाह अगदी रास्त वाटतो, मग तो 6 अँपिअरच्या बोर्डातून जात असला तरी. सैल जोडात तर प्रवाह वाढतही नाही, त्यामुळे एमसीबीला काही कळण्याचे कारणच नसते.

माझ्या स्वतःच्या घरी एकदा इस्त्री चालू असताना मासळीसारखा वास येऊ लागला. आमच्या स्वयंपाकघरात मासळी शिजत नाही, म्हणूनच तो वास चटकन लक्षात आला. मेन स्विच बंद करून टॉप ओढला, तर न्यूट्रलच्या पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक बिबव्यासारखे काळे झालेले होते आणि पीन सॉकेटमध्ये डुगडुगत होती. सॉकेट, टॉप आणि स्विच यांच्यासाठी वापरले जाणारे काही प्रकारचे प्लास्टिक तापले की असा वास सोडते. लोकांच्या घरांत फिरून सॉकेट बदलणाऱ्याच्याच घरचे ते सॉकेट होते, याची आठवण घरात अजून करून दिली जाते.

तेव्हा आपण असे करावे. मेन बंद करून टॉप काढावा आणि पिनांचा रंग पाहावा. एखादी पीन तपकिरी, काळी किंवा निळसर दिसली तर टॉप आणि भिंतीतले सॉकेट दोन्ही बदलून घ्यावे. एकच बदलले तर जुन्या सैल पट्ट्या नवी पीनही महिन्याभरात खराब करतात. आतून वायर काळी पडली असेल, तर ती चकाकते तांबे लागेपर्यंत कापून मगच स्क्रूखाली घ्यावी. बोर्डाची उरलेली वायर गुंडाळी करून टीव्हीमागे कोंबलेली असेल तर ती मोकळी सोडावी, कारण गुंडाळीतली उष्णता बाहेर पडत नाही. बोर्डावर दुसरा बोर्ड जोडू नये, आणि इस्त्री, गिझर, इंडक्शन किंवा पाणी तापवण्याचा रॉड त्यावर कधीही लावू नये.

कूलरविषयी मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे जीव जातो तो बहुधा याच ठिकाणी. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, खाली ओली फरशी, त्या फरशीवरच पडलेला बोर्ड आणि अनवाणी पाण्याची बादली ओतणारे माणूस, हे चित्र मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात मे महिन्यात दिसते. पंपाच्या वायरचे इन्सुलेशन फाटले की सगळा पत्रा फेजला लागतो. टॉपची तिसरी जाड पीन जाग्यावर असेल आणि घराचे अर्थिंग नीट असेल तरच तो करंट जमिनीत जातो. भिंतीतल्या दोन भोकांच्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून ही तिसरी पीन कापलेले टॉप मी इतके पाहिले आहेत की आता मोजत नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळून कोरडी पडते, त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात फेब्रुवारीपासून आठवड्याला बादलीभर पाणी घालावे. घरच्या मेन बोर्डावर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच, बसवून घ्यावी, आणि पाणी भरण्यापूर्वी कूलरचा टॉप काढावा, केवळ स्विच बंद करून भागवू नये. बोर्ड भिंतीवर हातभर उंच टांगावा.

स्पाइक गार्ड या नावाने मिळणारा बोर्ड घ्यावा का, असेही आपण विचारले आहे. व्होल्टेजच्या लहान उसळ्या तो शोषून घेतो, पण प्रत्येक उसळीबरोबर त्याच्या आतला भाग झिजतो आणि अर्थिंग नसेल तर त्याचा बराचसा उपयोग जातो. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली तर त्याचा काही इलाज चालत नाही. ढग गडगडू लागण्याआधी टॉप काढून ठेवणे हाच उपाय आहे.

आता मुलाविषयी. लातूरच्या खोलीत पहिल्याच दिवशी मोठ्या पिनांचे 16 अँपिअरचे सॉकेट आहे का, ते पाहावे. 1500 वॅटचा रॉड एकटाच साडेसहा अँपिअर घेतो, त्यामुळे छोटे सॉकेट किंवा मोठ्या पिनेची छोटी पीन करणारा अडॅप्टर त्याच्यासाठी चालणार नाही. मोठे सॉकेट नसेल तर गरम पाण्याची सोय घरमालकाशी बोलून घ्यावी. लॅपटॉप, दिवा आणि मोबाइल यांच्यासाठी तीन पिनांचा, जाड वायरचा, आयएसआय खुणेचा साधा बोर्ड त्याला खुशाल द्यावा. चार्जरवर बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकून तपासता येतो. रस्त्यावरच्या स्वस्त चार्जरमध्ये 230 व्होल्टची बाजू आणि मोबाइलकडची 5 व्होल्टची बाजू यांच्यातले अंतर केसभर ठेवलेले आढळते, आणि कानाला लावलेल्या मोबाइलमधून शॉक बसतो तो त्यामुळे. चार्जिंगला लावलेला मोबाइल उशीखाली ठेवू नये. दुपारी पत्र्याच्या खोलीत तो आधी सावलीत निववावा आणि मग चार्जिंगला लावावा, कारण साधारण 45 अंशांच्या पुढे लिथियम बॅटरी चार्ज करणे तिला सोसत नाही.

कधी देवगिरी एक्स्प्रेसने मुंबईकडे रात्रीचा प्रवास असेल तर चार्जिंग 11 वाजण्यापूर्वी उरकून घेण्यास त्याला सांगावे. डिसेंबर 2013 मध्ये बंगळूरु-नांदेड एक्स्प्रेसच्या वातानुकूलित डब्याला आग लागून वीसहून अधिक प्रवासी दगावले, आणि त्यानंतर रात्री 11 ते पहाटे 5 या वेळेत डब्यातील चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याची शिफारस पुढे आली. 2021 मध्ये रेल्वेने तिची अंमलबजावणी पुन्हा कडक केली. हे पॉइंट मोबाइल आणि लॅपटॉपपुरते आहेत, त्यांवर किटली लावू नये. पुढे कधी विमानाने जायचे झाले, तर पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. 20000 एमएएचची पॉवर बँक 74 वॉट-अवरची भरते, म्हणजे 100 वॉट-अवरच्या मर्यादेत बसते.

टॉप काढल्यावर कोणती पीन काळी आहे, आणि भिंतीतल्या सॉकेटला तिसऱ्या भोकामागे वायर जोडलेली आहे की ते भोक नुसतेच दाखवायला आहे, हे वायरमनकडून पाहून घेऊन कळवावे.