संशोधन छापून येतं, मग ते गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत का पोचत नाही?

तुम्ही विचारलंय की आरोग्यावर एवढे अभ्यास होतात, कोट्यवधी खर्च होतात, तरी गल्लीतल्या दवाखान्यात तीच सुई, तीच सलाईन, तेच अँटिबायोटिक का? डॉक्टर वाचत नाहीत म्हणून, की कमिशन आडवं येतं म्हणून?

सोलापुरात पूर्व भागात माझं मेडिकल आहे. बी.फार्म आहे, संशोधक नाही. पण चिठ्ठी डॉक्टरकडून निघाली की ती आमच्या काउंटरवरच येते, आणि पेशंट डॉक्टरसमोर जे बोलत नाही ते आमच्याकडे बोलतो. तिथून जे दिसतं ते सांगतो. तुम्ही दिलेल्या दोन कारणांपैकी पहिलं बहुतेक वेळा खरं नाही. दुसरं आहे, पण लोकांना वाटतं तेवढं मोठं नाही.

लहान मुलांच्या जुलाबाचंच घेऊ, कारण त्यात शास्त्राचा वाद कधीच मिटलाय. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने मरत होते आणि सलाईनच्या बाटल्या संपल्या होत्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने अग्रलेखात याची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय शोधांत केली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने सुधारित ओआरएस (हेच मीठ-साखरेचं द्रावण, पाकिटातून) आणि सोबत झिंक अशी शिफारस केली. एवढं सगळं होऊन २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस मिळालेली सुमारे ६१ टक्के आणि झिंक मिळालेली सुमारे ३१ टक्के. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मरणोत्तर. तेही उशिराच.

आता आमच्या काउंटरवर या. पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात जुलाबाच्या चिठ्ठ्या सुरू होतात. आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो, पाणी बॅरलमध्ये साठवलेलं, त्यामुळे यात नवल नाही. कडेवर दीड-दोन वर्षांचं पोर घेऊन बाई येते. चिठ्ठीवर अँटिबायोटिकचं सिरप, उलटीचं औषध, पोटातल्या चांगल्या जंतूंची पावडर. ओआरएस कधी असतं, कधी नसतं. झिंक क्वचित. मी पाकीट पुढे सरकवतो.

"अक्का, हे पण न्या. लिटरभर पाण्यात सगळं पाकीट."

"ते पाणीच की ओ अण्णा. पाणी पाजून जुलाब थांबतेत का? उलट वाढतेत. बंद व्हायचं द्या काहीतरी."

बाई अडाणी आहे म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण तिचं निरीक्षण चूक नाही. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत. अंगातलं गेलेलं पाणी आणि क्षार भरून येतात, पोर सुकत नाही, दगावत नाही. जुलाबाचे दिवस थोडे कमी होतात ते झिंकने, आणि ते चौदा दिवस द्यावं लागतं. इथे तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं की बाटली फळीवर जाते. संशोधकाने यश मोजलं ते किती मुलं वाचली यावर. आई मोजते ती दिवसात किती लंगोट बदलावे लागले यावर. दोघांची मापंच वेगळी, आणि हे तिला समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. डॉक्टरच्या दारात चाळीस जण बसलेले असतात. ती पाच मिनिटं कोणाच्याच वाट्याला लिहून दिलेली नाहीत.

याच गोष्टीवर एक फार चांगला अभ्यास २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. आपल्या शेजारच्या कर्नाटकात आणि बिहारमध्ये, मध्यम आकाराच्या २५३ शहरांत, दोन हजारांहून जास्त खासगी डॉक्टर आणि औषध दुकानदारांकडे शिकवून तयार केलेली माणसं पाठवली. "दोन वर्षांच्या पोराला जुलाब लागलेत," एवढंच सांगायचं. काहींनी आपल्याला ओआरएस हवं असल्याचं सूचित केलं, काहींनी अँटिबायोटिक, काहींनी काहीच नाही. काहींनी सांगितलं की औषध मी दुसरीकडून घेणार आहे, म्हणजे समोरच्याला विक्रीचा फायदा नाही. शिवाय निम्म्या ठिकाणी ओआरएसची पाकिटं आधीच पोचवून ठेवली, म्हणजे 'माल नव्हता' ही सबब गेली.

निकाल असा: पेशंटने नुसतं ओआरएस हवं असं दाखवलं की ते लिहून देण्याचं प्रमाण २८ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर गेलं. ओआरएस न देण्यामागे 'पेशंटला हे नकोच असतं' हा समज ४२ टक्के कारणीभूत होता. माल नसणं ६ टक्के, पैशाचा फायदा ५ टक्के. डॉक्टरांना ओआरएस माहीत होतं. पेशंट नाराज होऊन समोरच्या दवाखान्यात जाईल याची धास्ती होती. (विक्रीचा फायदा काढून घेतल्यावर औषध दुकानांत मात्र ओआरएस देण्याचं प्रमाण सुमारे ९ टक्के-अंकांनी वाढलं. हा टोला आमच्या धंद्याला आहे आणि नेमका बसलाय. वीस-बावीस रुपयांच्या पाकिटात सुटतं काय?)

मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. दीडशे रुपये फी आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या माणसाला डॉक्टरने मीठ-साखरेचं पाणी सांगितलं, तर "काहीच दिलं नाही की" असं तो माझ्यासमोर बोलतो. डॉक्टरला ते ऐकू जात नाही, पण अंदाज पक्का असतो. आणि गंमत बघा, असं न बोलणारेही बरेच असतात. नीट सांगितलं तर निमूट नेणारे. दोघं एकमेकांबद्दल अंदाज बांधून बसलेत, आणि संशोधन मधल्या मधे राहतं.

आता ज्याला खरंच दोष द्यावा असं मला वाटतं ते. आपल्या सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. डाळिंबावरच्या तेल्या रोगावर नवं काही हाती लागलं तर ते सांगोल्याच्या बागेपर्यंत नेण्यासाठी निदान कागदावर तरी एक यंत्रणा आहे: कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्र, शिवारफेरी, प्रात्यक्षिक प्लॉट. ती किती चालते यावर शेतकरी तुम्हाला शिव्यांसकट सांगतील, पण 'विस्तार' हे शेतीत एक खातं आहे, पगार घेऊन माणसं ते काम करतात. खासगी दवाखान्यात नवीन माहिती घेऊन नेमाने जाणारा एकच माणूस मी बघतो, तो म्हणजे एमआर, औषध कंपनीचा प्रतिनिधी. बॅग, गुळगुळीत कागदाचं पत्रक, नमुन्याच्या गोळ्या. तो बिचारा त्याचं काम करतो. पण ज्या औषधात मार्जिन आहे त्याचंच संशोधन तो नेतो. ओआरएससाठी आणि झिंकसाठी घाम गाळत दारोदार फिरणारा एमआर मला कधी भेटलेला नाही. 'अँटिबायोटिक लिहू नका' हे सांगायला तर कोण येणार?

उलट ती रिकामी जागा बाजार भरून काढतो. 'ओआरएस' असं ठळक छापलेली गोड पेयं वर्षानुवर्षं टेट्रापॅकमध्ये विकली गेली. खऱ्या पाकिटात लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. या पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट, आणि साखर जास्त झाली की जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध आठ वर्षं भांडल्या, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) असं नाव छापायला मनाई केली. म्हणजे शास्त्र पन्नास वर्षांपूर्वीचं, आणि भांडण लेबलवरच्या तीन अक्षरांसाठी.

जिथे संशोधन लोकांपर्यंत पोचलं तिथे काय वेगळं होतं, असं विचाराल तर गडचिरोली बघा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात काम कोण करणार, घरात जाऊन काय बघणार, हे संशोधनाच्या पोटातच होतं. नंतर शोधायला लागलं नाही. तरीही देशभर आशाताईंच्या घरभेटी म्हणून तो कार्यक्रम सुरू व्हायला २०११ साल उजाडलं. बारा वर्षं. संशोधन व्यवहारात यायला सरासरी १७ वर्षं लागतात हा अमेरिकेतून आलेला आकडा सगळीकडे फिरत असतो, त्या हिशेबाने हे लवकरच म्हणायचं. याहून वेगाने हलणंही अशक्य नाही. क्षयरुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तर त्यांच्यातला क्षय ३९ ते ४८ टक्क्यांनी कमी होतो, हे झारखंडच्या अभ्यासातून ऑगस्ट २०२३ मध्ये छापून आलं. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाचा पोषण भत्ता महिन्याला ५०० चा १००० झाला. पैसा हातात पडायला किती दिवस लागतात तो वेगळा विषय, त्यात शिरत नाही.

पण एक सांगतो. दरी दिसली की ती ताबडतोब बुजवावी, असंही नाही. दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या बाईला स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं तयार होतात, हे १९७२ पासून माहीत आहे. श्रीमंत देशांत त्याने असंख्य बाळं वाचली. मग तेच खेड्यापाड्यात का देत नाही, म्हणून सहा देशांत मोठी चाचणी झाली. त्यात आपलं नागपूर होतं आणि शेजारचं बेळगाव. २०१५ मध्ये निकाल आला तो उलटा: नवजात बाळांचे एकूण मृत्यू हजारी साडेतीनने वाढले आणि आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंका वाढली. दिवस नेमके किती भरलेत हे तिथे कळत नव्हतं, त्यामुळे गरज नसलेल्या कितीतरी जणींना इंजेक्शन गेलं. पुढे २०२० मध्ये आपल्यासारख्याच देशांतल्या, पण सोनोग्राफी आणि नवजात बाळांची बरी सोय असलेल्या हॉस्पिटलांत चाचणी झाली, तेव्हा त्याच औषधाने बाळं वाचली. त्यामुळे एखादा डॉक्टर "परदेशातलं इथे लगेच लावू नका" म्हणाला तर त्याला मागासलेला म्हणायची घाई मी करणार नाही.

अभ्यास करणाऱ्यांबद्दलही थोडं. आमच्या भागात घरोघरी बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. पाठ, मान, खोकला, डोळे, सगळ्याची तक्रार. त्यांच्यावर प्रबंध लिहायला पोरं-पोरी येत असतात, प्रश्नावली भरून नेतात. माझ्या एका गिऱ्हाईक बाईंनी विचारलं होतं, "फारम भरून नेलं, पुढं काय झालं ओ त्याचं?" पुढं पदवी मिळाली असणार. निष्कर्ष इंग्रजीत, ग्रंथालयाच्या कपाटात. ज्यांच्या पाठीवर अभ्यास झाला त्यांना मराठीत किंवा तेलुगूत एक पान सांगायची सक्ती मला तरी कुठे दिसलेली नाही. माझं मत विचाराल तर ते पान दिल्याशिवाय पदवी देऊ नये.

सोलापुरात एवढ्यात काय करता येतं? मी काउंटरच्या काचेवर मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये कागद लावलाय: जुलाबाला ओआरएस आणि झिंक मागा, एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली मापाला घ्या, अर्धं पाकीट ग्लासात घालू नका, कालवलेलं चोवीस तासांत संपवा. कर्नाटकातला तो अभ्यास खरा असेल तर पेशंटने तोंड उघडून मागणं हेच सगळ्यात स्वस्त औषध आहे. शेजारच्या एका डॉक्टरांना तो निकाल दाखवला. ते म्हणाले, "लोक मागत असतील तर मला लिहायला काय जातंय?" हल्ली त्यांच्या चिठ्ठीवर ओआरएस पहिल्या ओळीत असतं, अँटिबायोटिकही असतंच खाली. झिंकवर अजून त्यांच्याशी माझी घासाघीस चालू आहे.

तुमच्या प्रश्नावरून तुम्ही विद्यार्थी वाटता. या विषयावर प्रोजेक्ट करणार असाल तर डॉक्टरांना 'तुम्हाला मार्गदर्शक सूचना माहीत आहेत का' असं विचारण्यात वेळ घालवू नका, सगळे हो म्हणतील. एखाद्या मेडिकलमध्ये परवानगी घेऊन संध्याकाळी सात ते नऊ उभे राहा आणि गिऱ्हाईक काय मागतं ते लिहून घ्या. आमच्याकडे आलात तरी चालेल, फक्त सोमवारी नको, त्या दिवशी गर्दी फार असते.