धडा आवडतो, त्याचे प्रश्न नकोसे होतात

शाळेने वाचायला लावलेल्या पुस्तकांबद्दल खान्देशातून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : कुमारभारती (दहावीचं मराठीचं पुस्तक) हातात आली की आठवड्याभरात मी सगळे धडे वाचून काढते, मजा येते. पण वर्गात शिकवून झालं की तोच धडा नको वाटतो. माझंच काही चुकतंय का?
(दहावीची विद्यार्थिनी, शिरपूर)

तुझं काही चुकत नाही. जूनमध्ये तू गोष्ट वाचतेस. वर्गात तीच गोष्ट चार-पाच तासिकांत तुकड्यातुकड्यांनी येते. मध्येच शब्दार्थ, मग स्वाध्याय, मग वहीतली उत्तरं. पुढे काय होणार हे माहीतच असतं, त्यामुळे उत्तर कुठल्या ओळीत आहे एवढंच शोधायचं उरतं. त्यात गाईड उघडलं की तेही उरत नाही.

आता कृतिपत्रिका, म्हणजे बोर्डाची मराठीची प्रश्नपत्रिका, नीट बघ. ८० गुणांत गद्य १८, पद्य १६, स्थूलवाचन (पुस्तकातले पूरक वाचनाचे पाठ) ६, भाषाभ्यास (व्याकरण, शब्दसंपत्ती, लेखननियम) १६ आणि उपयोजित लेखन २४. गद्याचे १४ गुण पुस्तकातल्या दोन उताऱ्यांवर असतात आणि ते उतारे तिथेच छापून येतात. प्रत्येकी ७ पैकी ४ गुण आकलनाचे, ३ स्वमताचे. उतारा समोर असताना आकलनाची उत्तरं पाठ करण्यात घालवलेला वेळ फुकट जातो. स्थूलवाचनाचं मात्र उलट आहे. तिथे उतारा मिळत नाही, वाचलेलं आठवावं लागतं, आणि ‘सहाच तर गुण’ म्हणून मुलं नेमकं तेच वाचत नाहीत.

म्हणून पहिलं वाचन पेन्सिलीशिवाय, सलग कर. दुसऱ्या वेळी जिथे थांबावंसं वाटलं अशा दोन-तीन जागांवर खूण कर आणि समासात चार शब्द लिही : पटलं नाही, राग आला, आमच्याकडेही असंच. स्वमताचं उत्तर यातूनच येतं. सहा-आठ ओळी पुरतात. आधी तुझं म्हणणं, मग उताऱ्यातली जागा, मग आजूबाजूचं एक उदाहरण. श्रमांवर लिहायचं असेल तर ‘श्रमाला प्रतिष्ठा हवी’ हे वाक्य शेकडो उत्तरपत्रिकांत असतं. कापूस वेचताना बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं ओरबाडतात, हे तू लिहिलंस तर ते तुझं असेल. गाईड उघडायचंच तर स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावर, ताडून बघायला.

प्रश्न : माझ्या वर्गातली बरीच मुलं घरी अहिराणी बोलतात, काही भिली. गोष्ट ऐकताना रमतात, पण प्रकट वाचनाला उभं केलं की मान खाली. काय करावं?
(सहावीचे शिक्षक, साक्री तालुका)

मुलांना गोष्ट नको नाही, सगळ्यांसमोर अडखळणं नको आहे. न वाचलेला उतारा ऐनवेळी मोठ्याने वाचायला सांगितला की तरबेज वाचकही अडखळतो. त्यामुळे उद्या वाचायचा परिच्छेद आजच नेमून द्या, सहा-आठ ओळींचाच. त्यातली पाच-सहा अवघड जोडाक्षरं फळ्यावर फोडून लिहा; ‘उत्स्फूर्त’, ‘दृष्टिकोन’ असे शब्द वाक्याच्या मध्ये आले की सगळी ओळच गडगडते. मग तुम्ही एकदा वाचून दाखवा, नंतर जोडीत एकमेकांना वाचू द्या. वर्गासमोर वाचणं त्यानंतर.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. मूल ‘शाळा’ला ‘शाया’ किंवा ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणालं तर त्याने शब्द बरोबर वाचलेला असतो. उच्चार घरचा आहे. तिथे टोकू नका. ‘कळप’चं ‘कपाळ’ झालं तर ती वाचनातली चूक, ती दुरुस्त करा, पण वाक्य संपल्यावर. या दोन्हींना एकाच मापाने मोजलं की मूल वाचायचंच सोडून देतं. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या त्या घरच्या बोलीतच. त्यातली एखादी पाठ्यपुस्तकात असेल तर आपल्या तोंडचे उच्चार छापलेले बघून मुलं आपणहून वाचायला पुढे येतात. अर्थ विचारताना उत्तर अहिराणीत आलं तर ते घ्या. समजलं आहे की नाही, हे तिथे लगेच कळतं.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत एक पुस्तक वाचून परीक्षण लिहायला सांगतात. मुलगा मोबाइलवरून सारांश उतरवतो. रागवावं का?
(सातवीतल्या मुलाची आई, चोपडा)

रागावून पुस्तक वाचलं जाणार नाही, ताई. लेखक, प्रकाशक, पात्रं, सारांश, बोध हा साचा न वाचताही भरता येतो, म्हणून मुलं तो तसाच भरतात. घरी तीनच प्रश्न विचारा : कुठल्या पानावर कंटाळा आला? कुठलं माणूस चुकीचं वागलं? काय गाळलंस? सारांश उतरवून यांची उत्तरं देता येत नाहीत.

वेळेचा हिशेबही घाला. पाच मिनिटांत किती पानं होतात ते एकदा मोजा. पाच मिनिटांत तीन पानं झाली तर वीस मिनिटांत बारा, म्हणजे रोज वीस मिनिटं वाचलं की १२० पानांचं पुस्तक दहा दिवसांत संपतं. शेवटच्या दोन दिवसांवर ढकललं की रोज साठ पानं येतात आणि मोबाइल हातात येतो. कापूस वेचणीच्या दिवसांत मुलगा शेतात येत असेल तर वाचन सकाळीच उरकू द्या. संध्याकाळी डोळे मिटतात. पाव पुस्तक वाचूनही मन लागलं नाही, तर ते बदलून मागायला संकोचू नका. शाळेने एकच पुस्तक न लादता चार-पाचांतून निवडू द्यावं, ही मागणी पालकसभेत जरूर मांडा.

प्रश्न : कविता आवडली नाही असं पेपरात लिहिलं तर गुण जातात का?
(दहावीचा विद्यार्थी, अमळनेर)

नाही. दहावीच्या कृतिपत्रिकेत ‘कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण’ अशीच कृती येते. गुण कारणाचे असतात. नुसतं ‘कंटाळवाणी आहे’ याने काही मिळत नाही. कुठली ओळ कळली नाही, कुठली कल्पना पुन्हा पुन्हा आली, कुठलं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं नाही, ते शब्दांसह दाखव. मात्र रसग्रहण विचारलं असेल तर तिथे ओळींचं सौंदर्यच लिहायचं असतं. नावड तिथे घालू नकोस.