मेरीलँडमधला ‘लिमिटेड डिव्होर्स’ कसा मिळतो? (मिळत नाही, मग काय करायचं ते सांगते)

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एच-फोर व्हिसावर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या) आहात, सहा वर्षांची मुलगी आहे, नवऱ्यापासून वेगळं व्हायचंय पण एवढ्यात घटस्फोट नकोय. ओळखीच्या एका बाईंनी ‘लिमिटेड डिव्होर्स घे’ म्हणून सुचवलं. तो कसा घ्यायचा आणि वकील कसा निवडायचा?

मी वकील नाही. 2019 मध्ये रॉकव्हिलच्या सर्किट कोर्टात (इथे घटस्फोटाचे खटले चालतात ते कोर्ट) मी स्वतः लिमिटेड डिव्होर्सचा दावा लावला होता, त्या अनुभवावर लिहितेय.

तुम्हाला मिळालेला सल्ला शिळा आहे. 1 ऑक्टोबर 2023 पासून मेरीलँडने लिमिटेड डिव्होर्स कायद्यातूनच काढून टाकला. त्या बाईंचं चुकलं असं नाही, त्यांच्या वेळी तो होता. पण आज कुणी वकील ‘हो, लावू या’ म्हणाला, तर चहासुद्धा न पिता उठा.

तो होता तेव्हा त्याने लग्न मोडत नसे. वेगळं राहण्याला कोर्टाची मान्यता मिळे. पोटगी, मुलांचा ताबा, त्यांचा खर्च, घरात कोणी राहायचं हे ठरे. दुसरं लग्न मात्र करता येत नसे आणि मालमत्तेची शेवटची वाटणीही होत नसे. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम 10 खाली न्यायिक विभक्तता आहे ना, तिचाच हा चुलत भाऊ.

मग अर्धवट घटस्फोटासाठी लोक पैसे का घालवत? कारण तेव्हा कुणाचा दोष सिद्ध न करता पूर्ण घटस्फोट हवा असेल, तर सलग बारा महिने वेगळ्या छपराखाली राहावं लागे. परस्परसंमतीची वाट 2015 मध्ये उघडली, पण लहान मुलं असलेल्यांना ती 2018 मध्ये मिळाली, आणि तिला नवऱ्याची सही लागते. माझा नवरा सही करायला तयार नव्हता. माझं स्वतःचं उत्पन्न शून्य. वर्षभर भाडं कशातून भरायचं? माझ्या वकीलबाईंनी सरळ सांगितलं, ‘हा दावा निकालासाठी नाही, आत शिरण्यासाठी आहे.’ दावा लागला की न्यायाधीशांपुढे अंतरिम पोटगी आणि ताबा मागता येत होता. वर्ष भरलं, मग पूर्ण घटस्फोटाचा अर्ज केला.

2023 नंतर ती गरजच राहिली नाही. आता घटस्फोटाची कारणं तीनच आहेत: सहा महिने विभक्त राहणं, कधीही न मिटणारे मतभेद, किंवा परस्परसंमती. सहा महिने एकाच घरात राहून, पण वेगवेगळे संसार करून काढले तरी चालतात. हे वाचलं तेव्हा मला माझं बेसमेंटमधलं वर्ष आठवलं. तेव्हा ते मोजलं गेलं नव्हतं. मतभेदाच्या कारणाला तर थांबावंच लागत नाही.

पण तुम्हाला घटस्फोटच नकोय. तरीही हात रिकामे नाहीत. मुलीचा ताबा आणि तिचा खर्च यासाठी घटस्फोटाशिवाय स्वतंत्र दावा लावता येतो, स्वतःच्या पोटगीसाठीही. आणि नवरा बोलायला तयार असेल, तर दोघांत लेखी सेपरेशन ॲग्रीमेंट, म्हणजे वेगळं राहण्याचा करार, करता येतं. त्याला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. वेगळं राहायला लागलात म्हणून कुठे नोंदणीही करायची नसते. घरात मारहाण किंवा धमक्या असतील, तर यातलं काहीच आधी नाही: आधी प्रोटेक्टिव्ह ऑर्डर, म्हणजे त्याला तुमच्यापासून लांब ठेवणारा कोर्टाचा आदेश. कोर्ट बंद असेल तेव्हा, अगदी मध्यरात्रीही, कमिशनरकडे (कोर्टाच्याच अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो, आणि त्यात घर आणि मुलाचा ताबा मागता येतो; तात्पुरता खर्च मात्र पुढे न्यायाधीशांच्या अंतिम आदेशात मागायचा.

एच-फोरचं म्हणाल, तर नुसतं वेगळं राहिल्याने लग्न संपत नाही. घटस्फोटाची डिक्री झाली की मात्र एच-फोरचा आधारच जातो. त्यामुळे त्या तारखेआधी पुढचा व्हिसा किंवा परतीचा विचार झालेला हवा. हे फॅमिली वकिलाच्या अंदाजावर सोडू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा वेगळी फी द्या. नवऱ्याच्या कंपनीचा आरोग्यविमाही साधारण तेव्हाच सुटतो. कंपनी वीस किंवा जास्त माणसांची असेल तर कोब्रा नावाच्या फेडरल कायद्याखाली 36 महिन्यांपर्यंत तो चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आपल्या खिशातून. तो आकडा आधी विचारून ठेवा, मी पाहिला तेव्हा खाली बसले होते.

लग्न भारतात झालं असेल तर आणखी एक गाठ. 1991 च्या नरसिंह राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परदेशातला घटस्फोट भारतात धरायचा तर तो ज्या कायद्याखाली लग्न झालं त्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर हवा, किंवा दुसऱ्या बाजूने आपणहून त्या कोर्टात येऊन संमती दिलेली हवी. ‘मतभेद’ हे कारण हिंदू विवाह कायद्यात नाही. म्हणून उद्या घटस्फोटाची वेळ आलीच, तर परस्परसंमतीच्या वाटेसाठी थोडं जास्त झुकायला लागलं तरी झुका, नाहीतर इथे मोकळ्या आणि पुण्यात अजून बांधलेल्या अशी गत होते.

आता वकील. तुमचं ‘लिमिटेड’ खरं तर इथे कामाला येईल. मेरीलँडमध्ये वकील खटल्याच्या एखाद्या भागापुरताही घेता येतो: फक्त ॲग्रीमेंट तपासायला, किंवा फक्त एका सुनावणीला. मला हे कुणी सांगितलं नाही. मी पूर्ण खटल्यासाठी 5000 डॉलर रिटेनर भरला आणि ती फी आहे असं समजले. ती फी नसते, अनामत असते. वकिलाच्या ट्रस्ट खात्यात राहते, काम होईल तशी त्यातून कापली जाते, उरलेली परत मिळायला हवी. कापली जाते ती सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांनी. मी रात्री दोन वाजता सासूपासून सगळं लिहिलेले लांबलचक ईमेल पाठवायचे. पहिल्या महिन्याचं बिल आलं तेव्हा कळलं की माझं रडणं तासाला 350 डॉलरने वाचलं जात होतं. त्यानंतर आठवड्याला एकच ईमेल, मुद्दे क्रमांक घालून. रडायला आतेबहीण होती, डोंबिवलीत, फुकट.

पहिल्या भेटीत विचारा: या काउंटीच्या कोर्टात तुम्ही किती वेळा उभे राहता? माझं काम तुम्ही कराल की ज्युनिअर, आणि त्याचा दर काय? एच-फोरवाल्या बायकांचे खटले केलेत का? फीचा करार लेखी घ्या. जिंकल्यावर वाटा घेतो म्हणणारा घटस्फोटाच्या खटल्यात नियमच मोडतोय. एकच वकील दोघांचा होऊ शकत नाही, नवऱ्याने ‘आपला वकील’ म्हटलं तरी तो त्याचाच. पैसे अजिबात नसतील तर सर्किट कोर्टातल्या सेल्फ-हेल्प सेंटरमध्ये जा, तिथे वकील फुकट बोलतात आणि फॉर्म समजावतात. कोर्टात दुभाषाही मागता येतो. इंग्रजी येत असलं तरी साक्षीच्या वेळी जीभ अडखळते, लाजू नका.

शेवटचं, आणि हे फोनवरून कुणीतरी तुम्हाला सांगणारच आहे: ‘पोरीला घे आणि सरळ माहेरी निघून ये.’ माझ्या मावशीने सांगितलं होतं, तिकीटही काढून देत होती. नवऱ्याच्या संमतीशिवाय मूल देशाबाहेर नेणं इथे फेडरल गुन्हा ठरू शकतो, आणि ताब्याच्या खटल्यात तेच तुमच्याविरुद्ध पहिलं पान होतं. जायचंच असेल तर नवऱ्याची लेखी संमती किंवा कोर्टाचा आदेश हातात घेऊन जा. तोवर तीन वर्षांचे टॅक्स रिटर्न, त्याच्या पगाराच्या स्लिपा, बँकेची स्टेटमेंट आणि तुमच्या व्हिसाचे कागद यांचे फोटो काढा, आणि ज्याचा पासवर्ड त्याला माहीत नाही अशा ईमेलवर ठेवा. मुलीचा पासपोर्ट कुठल्या कप्प्यात आहे, तेही आजच बघून घ्या.