संधिवाताची जुनाट सूज ॲक्युपंक्चरने आटोक्यात येते का?

दुखणं थोडंफार कमी होतं, पण आजार थांबत नाही. आमवातात (रुमॅटॉइड) सांध्याची झीज रोखतात ती मेथोट्रेक्सेटसारखी औषधं. सुयांच्या भरवशावर ती बंद केलीत तर सांधे वाकडे होऊ शकतात आणि ते पुन्हा सरळ होत नाहीत. गुडघ्याच्या झिजेत मात्र वेदनेसाठी प्रयोग करायला हरकत नाही.

सूज कमी करण्याबाबत २०२१ मध्ये उंदरांवरचा एक चांगला अभ्यास आला. मागच्या पायातल्या एका बिंदूवर सौम्य विद्युतप्रवाह दिल्यावर व्हेगस नस (मेंदूतून छाती-पोटाकडे जाणारी) आणि मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीमार्फत दाह उतरला. माणसात हा बिंदू गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेर एक बोट. पण उंदरात दाह अचानक उठलेला होता, जुनाट नव्हे. जाहिरातींत हा फरक गाळला जातो!

साधारण ०.२५ मिमी जाडीच्या सुया २० ते ३० मिनिटं ठेवतात, आठवड्यातून एक-दोनदा. सहा ते आठ सत्रांत फरक नसेल तर थांबा. सुरुवातीआधी आणि नंतर सीआरपी, ईएसआर (दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्या) तपासा. दुखणं कमी पण आकडे चढलेले, म्हणजे आजार आत चालूच आहे.

उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. सुई निर्जंतुक, एकदाच वापरायची, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं हवं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. पेसमेकर असल्यास विद्युतप्रवाह नको. छातीवर, खांद्यावर सुई खोल गेली तर फुप्फुसाला छिद्र पडू शकतं. नंतर धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.