रॉकेट तेच ठेवून फक्त प्रक्षेपणतळ सुधारला, तर उड्डाणाचा खर्च कमी होतो का?

हो, होतो, आणि सगळ्यात जास्त वाचतो तो वेळ. तुम्ही अंबडच्या एमआयडीसीत काम करता असं लिहिलंय, म्हणजे हे लगेच पटेल: जॉब सेट होईपर्यंत मशीन उभं राहिलं की तासाचा खर्च चढतच जातो. लाँचपॅडचंही, म्हणजे रॉकेट जिथून उडतं त्या चौथऱ्याचंही तेच. श्रीहरिकोट्याच्या पहिल्या पॅडवर पूर्वी इस्रोचं पीएसएलव्ही रॉकेट पॅडवरच टप्प्याटप्प्याने उभं करत. आता ती जोडणी वेगळ्या इमारतीत होऊ शकते, त्यामुळे पॅड तेवढे दिवस मोकळा राहतो.

दुसरी मोठी बचत सुरक्षाव्यवस्थेत आहे. जुन्या पद्धतीत जमिनीवरची रडारं रॉकेटवर नजर ठेवतात आणि ते भरकटलं तर माणूस बटण दाबून ते नष्ट करतो. नव्या पद्धतीत रॉकेटवरचाच संगणक जीपीएस पाहून हा निर्णय घेतो. स्पेसएक्स या अमेरिकी कंपनीने फेब्रुवारी २०१७ पासून हे वापरलं. माणसं कमी लागतात आणि दोन उड्डाणांमध्ये तळाची नव्याने जुळवाजुळवही फार करावी लागत नाही. टेलिमेट्री (उडत्या रॉकेटकडून येणारी मोजमापं दुरून टिपणं) शिकवताना मला हाच बदल सर्वांत मोलाचा वाटत आलाय.

जागाही महत्त्वाची. श्रीहरिकोट्याहून ध्रुवीय, म्हणजे पृथ्वीच्या ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत जाताना श्रीलंका टाळायला वळसा पडतो, त्यात इंधन जातं. एसएसएलव्हीसारख्या छोट्या रॉकेटला ते परवडत नाही, म्हणून तमिळनाडूत कुलसेकरपट्टिणमचा तळ होतोय. पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली.

मात्र उड्डाणं वर्षाला दोन-चारच असतील, तर तळाच्या देखभालीचा बोजा प्रत्येक उड्डाणावर जास्तच जड पडतो.