औषध फुकट गेलं का?

प्रश्न : वय ५४, सातारा. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूसाठी १४ दिवस गोळ्या घेतल्या. श्वासाची तपासणी निगेटिव्ह आली, तरी वर्षभराने बायोप्सीत ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ निघालं. औषध फुकट गेलं का? मिश्री लावते.

उत्तर : नाही हो ताई! जंतू गेला, सूज उतरते. झिजलेलं अस्तरही बऱ्याच जणांत हळूहळू सावरतं. जठरात आतड्यासारख्या पेशी येणं म्हणजे मेटाप्लेझिया. तो सहसा मागे फिरत नाही, पण तो कॅन्सर नव्हे आणि बहुतेकांना पुढे कॅन्सर होतही नाही. रिपोर्टमध्ये एवढंच बघा : बदल फक्त अँट्रममध्ये, म्हणजे जठराच्या खालच्या भागात आहे, की वर कॉर्पसमध्येही? दोन्हीकडे असेल तर साधारण ३ वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी करा. घरात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि मिश्रीचा डबा आजच फेकून द्या, कळकळीने सांगतेय.