पन्नाशीपुढचे सहकारी नवीन सॉफ्टवेअर शिकत नाहीत. मानसशास्त्र याबद्दल काय सांगतं?

शिकत नाहीत हे तुम्ही आधीच ठरवून टाकलंय, आता फक्त मानसशास्त्राचा शिक्का हवाय. मी ५६ वर्षांची. हिंगणा एमआयडीसीत एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. प्रश्न झोंबला म्हणून लिहून राहिले.

सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे माल पाठवायच्या चलनाचं नवीन सॉफ्टवेअर आलं. शिकवायला पंचविशीतला पोट्टा. नागपूरचा मे महिना, कूलर धडधडतोय, त्याचं अर्धं बोलणं त्यातच गेलं. दोनदा विचारलं, "बाळा, हे कुठून उघडलंस?" तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाला, "काकू, राहू द्या, मी करून देतो." मग सगळेच करून द्यायला लागले. सप्टेंबरच्या अप्रेझलमध्ये साहेबांनी शेरा मारला : नवीन बदल स्वीकारत नाहीत.

मलाही ते पटलं होतं. घरी यांना म्हटलं, डोकं चालत नाही बाप्पा आता. दिवाळीत मान इतकी धरली की डॉक्टरकडे जावं लागलं. त्यांनी मानेच्या आधी चष्म्याचं विचारलं. बायफोकल! जवळचं दिसतं खालच्या भिंगातून आणि स्क्रीन असते समोर, म्हणजे ते बारीक अक्षर वाचायला मी दिवसभर हनुवटी वर करून बसायची. सीताबर्डीत स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा केला, भाच्याकडून अक्षर मोठं करून घेतलं. पंधरा दिवसांत चलनं काढायला लागले.

दुसऱ्याचं काम अडलं की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो, परिस्थिती बघत नाही. ही खोड मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये मांडली. आमच्या साहेबांना बघूनच मांडली असावी.

आणि सॉल्टहाउस या मानसशास्त्रज्ञांचं १९८४ चं काम वाचा. त्यांनी १९ ते ७२ वयाचे टायपिस्ट तपासले. वयस्करांची प्रतिक्रिया मंद, पण टायपिंगचा वेग कमी नाही, कारण त्यांचे डोळे मजकुरात जास्त पुढे गेलेले असत. मला यात नवल वाटलं नाही. मी रेमिंग्टनवर ४० चा वेग काढून पास झालेली आहे. तो पोट्टा दोन बोटांनी, कीबोर्डकडे बघत टाइप करायचा. त्याच्या अप्रेझलमध्ये कोणी काही लिहिलं नाही.

हां, अगदी कोरी गोष्ट शिकायला आता मला वेळ जास्त लागतो, ते खोटं नाही. नव्या कोड्याशी झुंजणारी बुद्धी आणि साठवलेल्या ज्ञानाची बुद्धी असे दोन भाग रेमंड कॅटेल यांनी केलेत. पहिली लवकर उतरते, दुसरी बराच काळ टिकते. आणि चष्मा धड असूनही माउसला हात न लावणारे माझ्या वयाचे एक जण आमच्याच ऑफिसात आहेत. त्यांचं कारण मला विचारू नका.

तुम्ही एवढंच करा, शिकवताना माउस त्यांच्या हातात ठेवा. "करून देतो" म्हणू नका. आणि शेरा लिहायच्या आधी निदान अक्षर मोठं करून बघा, कारण तो शेरा पुसत नाही कोणी. मी दोनदा अर्ज दिला. साहेब म्हणतात, सॉफ्टवेअरमध्ये जुनी नोंद बदलता येत नाही.

येते. तीन क्लिक लागतात.